सोमवारचा प्रश्न

सोमवारी सकाळी एका डॉक्टरच्या आवाजातून कुणा बाईच्या गुडघ्याची हकिगत टाइप करत बसले होते आणि भिंतीपलीकडून मला माझं लहानपण ऐकू आलं. नवऱ्याच्या आवाजात. हेडफोनची एक बाजू मी नेहमी कानामागे सरकवून ठेवते, कुकरची शिट्टी ऐकू यावी म्हणून. त्या मोकळ्या कानात शेखर म्हणत होता, "आमच्याकडे लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, मुंज असो, इलेक्शन असो, गावातले सगळे कर्णे आमचेच." मला आधी वाटलं, कुणाची तरी गंमत सांगतोय. शेखरचे वडील यवतमाळला ट्रेझरीत होते, त्यांच्या घरात रेडिओसुद्धा बातम्यांपुरता लागायचा. लाऊडस्पीकरचा धंदा आमचा, अंबाजोगाईचा. कर्णे माझ्या बाबांचे. मग तो म्हणाला, "मी असेन सात-आठ वर्षांचा," आणि माझी बोटं कीबोर्डवर थांबली. कानातला डॉक्टर गुडघ्याच्या वाटीपर्यंत पोचला होता, तो आपला पुढे बोलत राहिला.

गोष्ट माझी होती, वेलांटीसकट माझी. अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातलं लग्न, ऐन उन्हाचं. नवरदेवाचा मामा रुसून गोठ्यात जाऊन बसलेला, त्यामुळे अक्षता थांबलेल्या आणि पंगतही थांबलेली. बाबा मला अँप्लिफायरपाशी बसवून कडुलिंबावर कर्णा नीट बांधायला चढले होते. माइक चालू होता हे मला कुठं ठाऊक. मी शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला म्हणाले, "मामा मेला रुसलाय म्हणून आपल्याला जेवण नाही, आणि तोवर बुंदी संपली तर काय करायचं?" ते वाक्य लिंबावरून सगळ्या गावावर पडलं. मांडव हसला, गोठ्यातला मामाही हसला म्हणे, आणि हसल्यावर माणसाला रुसून बसता येत नाही, तो उठून आला. बाबांनी मला एक चापट मारली. मामाने स्वतःच्या हाताने ताटभर बुंदी आणून दिली. शेखरने हे सगळं सांगितलं. अँप्लिफायरवर धूळ बसू नये म्हणून टाकलेली आईची निळी चादरही सांगितली. चापट आधी आणि बुंदी नंतर, हा क्रमही बरोबर ठेवला. आणि "मेला" म्हणण्यापूर्वी इतका नेमका थांबला की मला स्वतःला हसू फुटलं, आणि ते तोंडातच कडू झालं. कारण लिंबाखाली आता मी नव्हतेच. तिथं हाफ पँटीतला एक मुलगा बसला होता. पलीकडे लॅपटॉपमधून सगळे हसत होते, आणि त्यात एका बाईचं हसणं वेगळं निघत होतं, जरा उशिरा सुरू होऊन सगळ्यांच्या नंतर थांबणारं. ती म्हणाली, "शेखर, यार, तू हे सगळं कुठे लपवून ठेवलं होतंस?"

ती उत्कर्षा. शेखरची मॅनेजर. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण आवाज ऐकणं हाच माझा धंदा असल्यामुळे तिच्याबद्दल मला पुष्कळ माहीत आहे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर बोलून ठेवतात आणि मी ते इथे पुण्याबाहेर भुकूममध्ये बसून लिहून काढते. कोण दमलाय, कोण घाईत आहे, कोण पेशंटवर वैतागलाय, ते मला दोन वाक्यांत कळतं. उत्कर्षाच्या आवाजावरून कळतं की लोक आपलं बोलणं ऐकून घेतील याची तिला लहानपणापासून खात्री आहे. त्यांच्याकडे सोमवारी कामाला हात लावायच्या आधी ती एक प्रश्न टाकते. त्याला आइसब्रेकर म्हणतात. टीममधलं कुणी नागपूरला बसतं, कुणी कोल्हापूरला, कुणी आमच्यासारखं पौड रस्त्याला. हिंजवडीच्या ऑफिसात शेखर अधूनमधून कॅबने जातो, पण सगळे एकत्र असे कधी येतच नाहीत. तेव्हा ओळख व्हावी, जवळीक वाढावी, म्हणून हा प्रश्न. इंग्रजीत सुरू होतो आणि दोन वाक्यांत मराठीवर येतो. तुमचा लहानपणीचा सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग कोणता? तुम्ही कधी कुणासाठी खोटं बोललात? कोणता वास आला की तुम्हाला घर आठवतं? शेखरला इअरफोनने कान दुखतात, त्यामुळे त्याच्या मीटिंगा साऱ्या घराच्या असतात. सुरुवातीला मला या प्रश्नांचं हसू यायचं. ऑफिसने पगार द्यावा, जवळीक कशाला द्यायची, असं मी एकदा म्हणालेही होते. तेव्हा शेखर "हं" म्हणाला होता.

शेखरचं "हं" ही माझ्या संसाराची भाषा आहे. तो वाईट माणूस नाही. ओरडत नाही, पीत नाही, माझ्या आईला गावी औषधं पाठवतो, गॅस संपायच्या आधी नंबर लावतो. फक्त बोलत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही मोटारसायकलवरून कासारसाईच्या धरणावर गेलो होतो. तेव्हा तिकडे रिसॉर्टचे एवढे बोर्ड नव्हते, पाणी आणि पाण्याकडे तोंड करून बसलेली दोन-चार जोडपी. भाजलेलं कणीस हातात होतं. मी त्याला सगळं सांगितलं, एका बैठकीत, जसं माहेरून आणलेलं सामान नव्या घरात उघडून दाखवतात तसं. माइकची गोष्ट, मावशीकडचा पोपट जो फक्त "लाइट गेली" एवढंच म्हणायचा, पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा पलीकडचा काठ दिसत नाही म्हणून मला आलेलं रडू. तो पाण्यात खडे टाकत होता. माझं बोलून झालं, आणि मी वाट पाहिली. आता हा काहीतरी सांगेल. निदान "पोपटाचं काय झालं" एवढं तरी विचारेल. तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "चल, हिंजवडीचं ट्रॅफिक लागेल." मी त्याच्या मागे बसून घरी आले, आणि मला पक्कं आठवतं, त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, सीटच्या मागची दांडी धरली. त्यानंतर मी बोलणं बंद केलं असं नाही. पण सामान उघडून दाखवणं बंद केलं. भाजी, हप्ता, त्याच्या बहिणीचं बाळंतपण, पाण्याचा टँकर, एवढ्यावर संसार छान चालतो. आणि इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या दिवशी त्याने एक अक्षर ऐकलं नव्हतं.

ऐकलं होतं. चादरीचा रंग लक्षात ठेवला होता. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता ना? झालाही असेल, कुठंतरी तळाशी. पण वर आली ती जळजळ. बाईने म्हणावं, माझ्या नवऱ्याने माझा शब्द न् शब्द जपून ठेवला. आणि दुसऱ्या दमात म्हणावं, आणि मग तो नेऊन तिला दिला. त्याने तिच्याशी काही वावगं केलं असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं. आईला फोन करून रडता आलं असतं. हे काय सांगणार? आई, यांनी माझी बुंदीची गोष्ट ऑफिसात सांगितली?

 जेवताना त्याने ताकाची वाटी पुढे केली आणि मी विचारलं, "तुझे बाबा ट्रेझरीतून लाऊडस्पीकरवर कधी आले रे?"

त्याचा घास तोंडातच राहिला. "ऐकलंस तू?"

"मीच काय, खाली साळूबाईंनीही ऐकलं असेल."

त्याने ताटात बोट फिरवलं. मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याबद्दलही आधी कीव आली आणि लगेच राग आला, की हेसुद्धा आजच सांगतोय. "माझ्याकडे काही नाही गं," तो म्हणाला. "मी खूप आठवून बघितलं. शाळा, क्लास, घर. बाबा पेपर वाचायचे, आम्ही गप्प बसायचो. पहिल्या सोमवारी मी पास म्हणालो. दुसऱ्या सोमवारी आवडता पदार्थ विचारला, मी पोहे सांगितलं. सगळे 'ओके, नाइस' म्हणाले. काय वाटतं माहितीय तेव्हा? पंगतीत वाढपी पुढून निघून जातो ना, तसं. मग एकदा पाळलेला प्राणी विचारला. मी तुझ्या मावशीचा पोपट सांगितला."

"पोपटपण दिलास?"

"सगळे इतके हसले, हेमा."

"आणि समुद्र?"

त्याने ताकाची वाटी तोंडाला लावली. समुद्रही गेला होता तर. "माझं आहे म्हणून का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "बायकोचं आहे, एवढं म्हणायला काय जिभेला फोड आला होता?"

"प्रश्न माझ्याबद्दल होता ना," तो म्हणाला. इतक्या साधेपणाने म्हणाला की पुढे भांडायला जागाच उरली नाही. मग त्याने कबूल केलं की यापुढे माझं काही सांगितलं तर माझं म्हणून सांगेल. मी "हं" म्हणाले.

तो आठवडा मी वाईट काढला. काम करताना कान भिंतीला. उत्कर्षा सकाळच्या छोट्या मीटिंगमध्ये त्याला "बुंदी" म्हणायला लागली होती. "बुंदी, तुझं टेस्टिंग कुठवर आलं?" आणि हा हसायचा. घरात न हसणारा माणूस नव्हे तो, पण असं हसणं वेगळं, आधी घशात गुरगुरून मग मोकळं होणारं. ते मी लग्नाच्या व्हिडिओत ऐकलंय, त्याच्या मित्रांबरोबरचं. माझ्या बुंदीवर तिने त्याला नाव ठेवलं होतं आणि ते नाव मला घरात वापरता येत नव्हतं. एकदा वापरून पाहिलं, स्वयंपाकघरातून, "बुंदी, चहा झालाय." तो आला, कप घेतला, माझ्याकडे जरा गोंधळून पाहिलं आणि परत आत गेला. मला माझीच लाज वाटली. आपल्याच गोष्टीतलं नाव चोरून वापरल्यासारखं वाटावं, याला काय म्हणायचं. दुपारी मी तिचा फोटो शोधला. कंपनीच्या पानावर होता. केस आखूड, कुर्ता सुती, चेहरा अगदी बरा, शत्रू म्हणून काही उपयोगाचा नाही. ती चांगली असावी याचाही मला राग आला. वाईट प्रश्न विचारणाऱ्या बाईचा द्वेष करणं सोपं असतं. हिचे प्रश्न चांगले होते. "कोणता वास आला की घर आठवतं" हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मी गरम झालेल्या अँप्लिफायरचा वास सांगितला असता, आणि त्यानंतर बराच वेळ थांबले नसते. मला कुणी विचारलं नव्हतं. माझे डॉक्टर मला काहीच विचारत नाहीत.

साळूबाई मागच्या जिन्याने वर आल्या त्या पावट्याच्या शेंगा घेऊन. घर त्यांचं, आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने. मागची भाताची खाचरं त्यांनी बिल्डरला दिली, तिथं आता क्रेन उभी असते, पण विहिरीकडचा एक तुकडा त्यांच्या नवऱ्याने, कोंडिबाकाकांनी, हट्टाने ठेवलाय, शेंगा तिथल्या. त्या दारातच बसल्या आणि खोलीकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "काय गं, तुजा मालक कुनाशी बोलतुया येवढा? आमी खाली भाकरी थापतूया, तर वरनं ह्यो नुसता हसतोय. लई मोकळा मानूस हाय."

"ऑफिसचं असतं, काकू."

"आसंना का. हसतोय तर खरं. आमचं म्हातारं बघ. दिसभर म्हशीशी बोलंल, त्या क्रेनवाल्या पोराशी बोलंल, आन् माज्याशी बोलायचं म्हनलं की त्येचे दात दुकत्यात." त्या स्वतःच हसल्या. "तू नशिबाची हायेस बाई. बोलका नवरा कुटं मिळतूया?"

मी शेंगांची पिशवी घेतली आणि म्हणाले, "व्हय, नशीबच." त्यांना त्यातलं काही कळलं नाही, आणि कळावं असं मला वाटलंही नाही. पण त्या गेल्यावर मी पिशवी घेऊन तिथंच दारात बसले. खालच्या मजल्यावरच्या बाईलाही माझा नवरा बोलका वाटतो. त्याचं बोलणं खाली जातं, नागपूरला जातं, कोल्हापूरला जातं, मधल्या या स्वयंपाकघरावरून तेवढं उडून जातं.

रविवारी सकाळी उन्हात बसून मी त्या शेंगा सोलत होते, आणि तो आपणहून येऊन माझ्या शेजारी बसला. शेंगा हातात घेतल्या, सोलायला लागला. दाणे वाटीत पडत होते आणि मी काही बोलत नव्हते, कारण बोललं की उडून जाईल असं काहीतरी समोर बसलेलं असतं तेव्हा माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. क्रेन बंद होती, रस्त्याकडून कुठल्याशा रिसॉर्टला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न येत होते. आणि तो म्हणाला, "हेमा, लहानपणी तुझं काय हरवलं? असं, जे परत मिळालंच नाही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा खरंच उत्सुक होता. आणि माझ्या गळ्याशी लगेच उत्तर आलं, कारण ते तिथं कायमच असतं. माझा माइक हरवला. बुंदीच्या त्या लग्नानंतर माइकवरचं "हॅलो हॅलो" मीच म्हणायचे. मी थोडी मोठी झाले तेव्हा एका लग्नात आईने सगळ्यांसमोर माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि भावाच्या हातात दिला. पोरीच्या जातीने आता गावभर आवाज करत फिरू नये, म्हणाली. बाबा तिथेही लिंबावर होते, त्यांनी वरून पाहिलं आणि काही बोलले नाहीत, तार बांधत राहिले. भावाचा आवाज फुटका, त्याला "हॅलो हॅलो"सुद्धा धड म्हणता येत नव्हतं. मी अँप्लिफायरपाशी बसून राहिले, आणि त्यानंतर माझा आवाज माझ्यापुरताच राहिला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, कासारसाईलाही नाही. मी तोंड उघडलं. म्हणाले, "तू का विचारतोयस?"

"उद्याचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "उत्कर्षाने ग्रुपवर आधीच टाकलाय, तयारीला वेळ मिळावा म्हणून. या वेळी मी तुझं म्हणूनच सांगेन, प्रॉमिस."

इतक्या वर्षांत नवऱ्याने मला माझ्याबद्दल विचारलेला पहिला प्रश्न, आणि तोही दुसऱ्या बाईने काढून दिलेला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. राग असा चढला की कान गरम झाले, पण चेहऱ्यावर मी काही येऊ दिलं नाही. ती सोमवारी तिकडे टेबलावर माझा माइक मांडून बसणार, आणि उशिरा सुरू होऊन उशिरा थांबणाऱ्या तिच्या आवाजात "अरे बापरे" म्हणणार. नाही द्यायचा. हा एक नाही द्यायचा. घे, तुला हरवलेलंच हवंय ना, मग घे. आणि मी दाणे सोलत सोलत बोलायला लागले, कुठून सुचत गेलं देव जाणे.

"मला एक वर्ष परळीला आत्याकडे ठेवलं होतं," मी म्हणाले. आम्हाला परळीला आत्या नाही. "आईची तब्येत बरी नव्हती. बाबा म्हणाले होते, दर रविवारी येईन. मी दर रविवारी स्टँडवर जायचे. अंबाजोगाईची गाडी यायची, सगळे उतरायचे, बाबा नसायचे. मग परत जाताना मी उतरलेल्यांपैकी एखाद्या माणसाच्या मागे मागे चालायचे, जरा जवळून. रस्त्यावरच्या लोकांना वाटावं, हिचा बाप आला. एखादं वळण तसं चालायचं. तो दुसरीकडे वळला की थांबायचं."

माझे बाबा मला सोडून एक रात्र कुठं राहिले नाहीत. मी एवढी लाडाची होते की शेजारी नावं ठेवायचे. पण सांगताना माझा आवाज खरा लागला, धंद्याने ते मला कळलं. शेखरच्या हातातली शेंग अर्धी सोललेली होती. तो उठून आत गेला, आणि मी मनात म्हणाले, चल, हिंजवडीचं ट्रॅफिक लागेल.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन काढूनच ठेवला. आधी कुणाची तरी हरवलेली सायकल झाली, कुणाचं कुत्रं झालं, कुणी रडवेलं होऊन आजोबांचं घड्याळ सांगितलं. मग उत्कर्षा म्हणाली, "बुंदी?" आणि शेखर म्हणाला, "आज माझं नाही सांगत. माझ्या बायकोचं सांगतो. हेमलताचं." घरात मी हेमा, नाहीतर नुसतीच अगं. त्या खोलीतून माझं आख्खं नाव आलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. हेच तर हवं होतं. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. आणि तो सांगायला लागला, सावकाश, कुठेही हसवायचा प्रयत्न न करता. त्या मुलीच्या अंगावर हिरवा फ्रॉक होता, तो म्हणाला. मी फ्रॉकचं काही बोलले नव्हते. तिच्या एका चपलेचा पट्टा तुटलेला होता म्हणून ती चप्पल तिने हातात धरलेली असायची, अनोळखी माणसाच्या मागे चालताना फटफट आवाज होऊ नये म्हणून. हेही त्याचंच. रात्रभर तो तिच्याजवळ बसला असला पाहिजे, तिला कपडे घातले असले पाहिजेत, तिच्या पायांकडे पाहिलं असलं पाहिजे. मला त्याने आजवर आपणहून एक रुमाल आणलेला नाही. "तो माणूस वळला की ती थांबायची," तो म्हणाला, आणि तिथं त्याचा आवाज गेला. गेलाच.  मग उत्कर्षा, तिचाही आवाज खाली आलेला, म्हणाली, "शेखर, तू जा. आत्ता जा तिच्याकडे. मीटिंग मी बघते."

आणि तो आला. तिच्या सांगण्यावरून आला, हे मला त्याही क्षणी टोचलं. मी उठून कशीबशी ओट्यापाशी पोचले होते, हातात रिकामं पातेलं. त्याने मागून येऊन मला धरलं, दोन्ही हातांनी, आणि हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवली. त्याचं तोंड ओलं होतं, माझ्या भांगाला लागलं. कामाच्या वेळात चहा-जेवण सोडलं तर तो कधी खोलीबाहेर येत नाही. पातेलं माझ्या पोटाशी दाबलं जात होतं आणि मला ते खाली ठेवावं असंही सुचत नव्हतं.

"तू मला हे कधीच सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला. "आता कळतं गं मला. मी ऑफिसला निघालो की कॅब वळेपर्यंत तू खिडकीत का उभी असतेस ते."

म्हणजे खिडकीतली मी त्याला दिसत होते. दर वेळी दिसत होते. मी खिडकीत उभी राहते कारण मला तो आवडतो, एवढं साधं आहे ते, त्यात परळीचा स्टँड कुठेही नाही. कधीतरी त्याने वर बघून हात हलवावा, एवढ्यासाठी उभी असते. आणि आता ती जागाही त्या पोरीची झाली, हिरव्या फ्रॉकमधल्या. तो कुरवाळत होता ते केस तिचे होते, डोक्यावर हात ठेवला होता तो तिच्या. उत्कर्षाचा द्वेष केव्हाच कुठं गेला होता. मी जळत होते ते त्या कार्टीवर, जिला मीच शेंगा सोलता सोलता जन्माला घातलं होतं आणि जिने एका दिवसात माझा नवरा माझ्याकडे आणला होता, स्वतःसाठी. आत्ता सांगावं. आत्ता, हा धरून उभा आहे तोवर, सांगावं की शेखर, ती कुणी नाही, बस इथे, मी तुला माझा माइक सांगते. पण मग हे हात निघणार होते. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ येणार होता, मग ते "हं", आणि तो परत खोलीत जाऊन दार लावून घेणार होता, आणि माइकचं ऐकायला कुणी उरणार नव्हतं. मी त्याच्या मनगटावर गाल टेकवला. किती ऊब असते या माणसाला, मी विसरूनच गेले होते.

"मग शेवटी," त्याने अगदी हळू विचारलं, आणि हा प्रश्न त्याचा स्वतःचा होता, कुणी ग्रुपवर टाकलेला नव्हता, "शेवटी तुला घ्यायला कोण आलं?"

बाबा आले, म्हणता आलं असतं. पोरगी सुटली असती, त्याचं रडू थांबलं असतं, आणि हे हातही सुटले असते.

"कुणीच नाही," मी म्हणाले, आणि त्याने मला आणखी जवळ घेतलं.